जेट इंजिन चालते तरी कसे? एअरजेट लूमच्या शहरातून समजून घेऊ या

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले आणि २६० जणांचा जीव गेला. हजवरून परतणाऱ्यांची विमानेही त्याच दिवसांत येत होती. भिवंडीत ज्या घरांतले कुणी मक्का-मदिनेला गेले होते, त्या घरांत दोन-चार रात्री कुणाला धड झोप लागली नाही. शाळा उघडल्यावर मुलांनी आम्हाला पहिला सवाल केला तो हाच : "सर, एवढे मोठे इंजिन बंद पडते कसे? आणि मुळात ते चालते कसे?"

सवाल साधा आहे, पण नीट उत्तर द्यायचे तर थोडे मागून सुरू करावे लागते. वर्गात जे सांगितले तेच इथे सविस्तर मांडत आहोत. विज्ञान शिकलेल्यांनी ते पडताळून पाहावे. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांनीही बिनधास्त वाचावे, कारण यातली निम्मी गोष्ट भिवंडीच्या कारखान्यात रोज घडते.

सुरुवात फुग्यापासून

फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे जाते, फुगा पुढे पळतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. मराठी पुस्तकात क्रिया-प्रतिक्रिया, उर्दूच्या पुस्तकात अमल आणि रद्दे-अमल. फुगा हवेला मागे ढकलतो, हवा फुग्याला पुढे ढकलते.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. इंजिनातून निघालेला झोत मागच्या हवेवर आपटतो आणि त्या धक्क्याने विमान पुढे जाते, असे लोक समजतात. तसे नाही. धक्का इंजिनाच्या आतच मिळतो. हवेचा वेग वाढवून तिला मागे फेकताना इंजिनाच्या पात्यांवर आणि भिंतींवर जो दाब येतो, तोच विमानाला पुढे नेतो. या जोराला आपण रेटा म्हणू. इंजिनिअर त्याला थ्रस्ट म्हणतात.

फुग्यातली हवा दोन सेकंदांत संपते. जेट इंजिन म्हणजे न संपणारा फुगा. समोरून हवा आत घेत राहायचे आणि जास्त वेगाने मागे फेकत राहायचे. रॉकेटमध्ये आणि जेटमध्ये फरक आहे तोही इथेच. टिपू सुलतानच्या लोखंडी नळीच्या रॉकेटांपासून आजच्या इस्रोच्या रॉकेटांपर्यंत प्रत्येक रॉकेट जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन स्वतःबरोबर नेते. जेट इंजिन तो बाहेरच्या हवेतून घेते. म्हणूनच रॉकेट अवकाशात जाते आणि जेट विमानाला हवेतच राहावे लागते.

चार कामे, एकाच वेळी

जेट इंजिनाची कामे चार : हवा ओढणे, दाबणे, जाळणे आणि फेकणे. मोटारसायकलच्या इंजिनातही हीच चार कामे होतात, पण तिथे एकाच सिलिंडरमध्ये पाळीपाळीने. जेटमध्ये चार कामांसाठी चार वेगळ्या जागा आहेत आणि चारही कामे अखंड चालतात. त्यामुळे पिस्टनची वर-खाली होणारी ठोकाठोक नाही, सगळे फिरते काम. साधा धोट्याचा लूम आणि एअरजेट लूम यांच्यात जो फरक, तसाच काहीसा हा फरक. धोटा इकडून तिकडे मारायचा, थांबवायचा, परत मारायचा. वेग वाढवावा तशी आदळआपट वाढते.

एअरजेट लूम ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे धोटा नसतोच. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती बारीक नोझलमधून झोतासारखी सुटते आणि बाण्याचा धागा ताण्यातून पलीकडे नेते. जेट म्हणजे झोत. लूममध्ये तो झोत धागा नेतो, विमानात तो झोत मागे सुटून विमान पुढे नेतो. फरक एवढाच की लूमचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. विमानाला आकाशात वीज कोण देणार? त्यामुळे त्याला स्वतःचा कॉम्प्रेसर स्वतःच चालवावा लागतो. कसा, ते पुढे पाहू.

पहिली जागा : पंखा

विमानात बसताना इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा दिसतो, तिथून सुरुवात. एअरबस ए३२० निओ आणि बोईंग ७३७ मॅक्स या विमानांवर लीप नावाचे इंजिन येते. ए३२० निओवरच्या लीपच्या पंख्याचा व्यास जवळपास दोन मीटर, म्हणजे उंच माणूस आत आरामात उभा राहील. पाती फक्त १८.

ही पाती धातूची नाहीत. कार्बनचे धागे तीन दिशांनी विणून त्यांचा आकार तयार करतात आणि मग त्यात रेझिन भरून ते घट्ट करतात. आपल्या कापडात ताणा आणि बाणा अशा दोनच दिशा. इथे तिसरा धागा थरांमधून आरपार जातो, त्यामुळे पाते थराथराने सुटत नाही. म्हणजे आजच्या एका नावाजलेल्या जेट इंजिनाचे पाते मुळात विणकराच्या हुनरातून आले आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा लूमवाल्यांच्या घरातली मुले ताठ बसली, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

पंख्याने ओढलेली सगळी हवा इंजिनाच्या गाभ्यात जात नाही. लीपमध्ये गाभ्यात एक भाग हवा जाते, तर साधारण ११ भाग हवा गाभ्याच्या बाहेरून, आवरणाच्या आतून, न जळता मागे जाते. विमानाला मिळणारा बहुतेक रेटा या थंड हवेचाच असतो. आगीचा झोत विमान नेतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात आगीचे मुख्य काम पंखा फिरवण्याचे आहे.

असे का केले? गणित सोपे आहे. रेटा हवेच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून असतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकली तर रेटा तेवढाच मिळतो आणि ऊर्जा निम्मी लागते. म्हणून जुन्या जेट विमानांची इंजिने बारीक आणि कानठळ्या बसवणारी होती, तर आजची इंजिने जाड, कमी आवाजाची आणि कमी तेल पिणारी आहेत.

दुसरी जागा : कॉम्प्रेसर

गाभ्यात शिरलेली हवा फिरत्या आणि स्थिर पात्यांच्या एकाआड एक रांगांमधून जाते. फिरती रांग हवेला ढकलते, स्थिर रांग तिला सरळ करून पुढच्या रांगेकडे देते. पुढे पुढे जागा अरुंद होत जाते. शेवटपर्यंत हवेचा दाब आधुनिक इंजिनात सुमारे ४० पट होतो. सायकलचा पंप भरताना तो खालून गरम होतो ना, तसेच इथे होते. इंधनाचा थेंबही न जाळता, फक्त दाबल्यामुळे हवा कित्येकशे अंश तापते.

दाबायचे कशासाठी? दाबलेल्या हवेत तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो आणि जळाल्यावर मिळणाऱ्या उष्णतेतून जास्त काम काढता येते. दाब जितका जास्त, तितकी इंधनाची बचत जास्त.

तिसरी जागा : जळणकोठी

इथे इंधनाचे बारीक फवारे उडतात. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले, केरोसीनच्या जातीचे तेल, ज्याला एटीएफ म्हणतात. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून हे तेल उणे ४७ अंशांपर्यंत गोठू नये असे बनवतात. टाकीतले तेल बाहेरच्या हवेइतके थंड व्हायला वेळ लागतो आणि वैमानिक त्याच्या तापमानावर नजर ठेवून असतात.

ठिणगी फक्त सुरुवातीला लागते. नंतर ज्योतीतून ज्योत पेटत राहते, शेगडी एकदा पेटवली की काडी लागत नाही तशी. ज्योतीचे तापमान २,००० अंशांच्या घरात जाते. एवढ्या सोसाट्याच्या वाऱ्यात ज्योत विझत कशी नाही? कोठीत हवेला मुद्दाम भोवरा देतात, त्यामुळे ज्योतीच्या मुळाशी हवा संथ फिरत राहते. हाताचा आडोसा करून आपण वाऱ्यात काडी जपतो, तशीच ही युक्ती.

चौथी जागा : टर्बाइन आणि नोझल

आता मघाच्या सवालाचे उत्तर. कोठीतून सुटलेला तापलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो आणि पवनचक्कीसारखे चाक फिरवतो. हे चाक एका दांड्याने पुढच्या कॉम्प्रेसरला जोडलेले असते. म्हणजे मागचे चाक पुढच्याला फिरवते, पुढचे हवा दाबून मागच्यासाठी आग तयार ठेवते. चक्र पूर्ण. पंख्यासाठी वेगळे टर्बाइन असते आणि त्याचा दांडा पहिल्या पोकळ दांड्याच्या आतून जातो. दोघांचे वेग वेगळे. लीपसारख्या इंजिनात आतला गाभा मिनिटाला १५ हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतो. पंखा त्याच्या मानाने बराच संथ फिरतो. उरलेला वायू शेवटच्या अरुंद नोझलमधून बाहेर जातो.

सर्वात अवघड काम टर्बाइनच्या पहिल्या पात्यांचे आहे. त्यांच्यावर येणारा वायू आधुनिक इंजिनात १,५०० अंशांच्या वर असतो आणि ज्या निकेलच्या मिश्रधातूची ती बनलेली असतात, तो त्याआधीच वितळायला लागतो. मग पाती टिकतात कशी? तीन उपाय आहेत. एक, पाते आतून पोकळ असते. त्यात कॉम्प्रेसरची तुलनेने थंड हवा सोडतात, ती बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर हवेची चादर पांघरते. दोन, वरून चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप देतात. तीन, पूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकातून ओततात, म्हणजे आत सांधेच राहत नाहीत. धातू ताणाखाली तुटतो तो बहुधा सांध्यातून. हे तिन्ही उपाय एकाच पात्यात साधणे फार कठीण आहे आणि असे देश जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपल्या देशात बंगळुरूच्या संस्थेने कावेरी इंजिनावर १९८०च्या दशकापासून काम केले, तरीही तेजस लढाऊ विमान आज अमेरिकी इंजिनावर उडते. त्याचे एक मोठे कारण ही गरम पातीच आहेत.

हे सुचले कुणाला?

झोताने चाक फिरवायची कल्पना जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरोने पहिल्या शतकात वाफेच्या झोताने फिरणाऱ्या गोळ्याचे वर्णन केले. १५५१ मध्ये दमास्कसचे तकीउद्दीन मुहम्मद इब्न मारूफ यांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात वाफेच्या झोताने पात्यांचे चाक फिरवून कबाबाची सळई आपोआप फिरवण्याची युक्ती लिहून ठेवली. हे टर्बाइनचेच तत्त्व. मात्र त्यावरून जेट इंजिन मुसलमानांनी शोधले, असा दावा करणाऱ्या पोस्ट फिरवू नयेत. तत्त्व लिहिणे आणि विमान उडवणे यांच्यात चार शतकांची मेहनत आहे, ती ज्यांनी केली त्यांची आहे.

१७९१ मध्ये इंग्लंडच्या जॉन बार्बरने गॅस टर्बाइनचे पेटंट घेतले. १९३० मध्ये ब्रिटिश हवाई दलातील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल यांनी जेट इंजिनाचे पेटंट मागितले आणि एप्रिल १९३७ मध्ये ते जमिनीवर चालवून दाखवले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. त्यांच्या इंजिनावरचे हाइंकेल १७८ हे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले, म्हणजे जगातले पहिले जेट उड्डाण जर्मनांचे. व्हिटल यांचे इंजिन मे १९४१ मध्ये आकाशात गेले.

मुंबईत एअर इंडियाने १९६० मध्ये बोईंग ७०७ आणले आणि १९६२ मध्ये तिच्या ताफ्यात फक्त जेट विमाने राहिली. आपल्या घरांतला बदल मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. मुंबईहून हजला बोटीने जायची सोय १९९५ मध्ये बंद झाली. बोटीने आठवडा किंवा जास्त लागायचा; आज मुंबई ते जेद्दाह हे सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर पाच-साडेपाच तासांत संपते. ज्या बुजुर्गांनी दोन्ही सफरी केल्या, त्यांच्याकडून मुलांनी त्या ऐकून घ्याव्यात.

मग इंजिन बंद पडते कसे?

आता मूळ सवाल. वर सांगितलेले चक्र दोन गोष्टींवर टिकते : सुरळीत हवा आणि सतत इंधन. यातले एक तुटले की चक्र मंदावते.

हवेत राख किंवा पक्षी आले तर? २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक जम्बो विमान जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. लंडनहून ऑकलंडला जाणाऱ्या त्या विमानाचा वाटेत मुंबईतही थांबा होता. विमान दगडासारखे पडले नाही, पंखांवर तरंगत खाली येत राहिले. राखेबाहेर आल्यावर इंजिने पुन्हा पेटली आणि २६३ जण जकार्तात सुखरूप उतरले. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हंसांच्या जातीच्या पक्ष्यांमुळे एका एअरबसची दोन्ही इंजिने गेली. वैमानिकाने विमान हडसन नदीवर उतरवले आणि १५५ जण वाचले.

इंधन तुटले तर? अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. त्यात नोंद आहे की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने चालू स्थितीतून बंद स्थितीत गेले. ते पुन्हा चालू केले गेले, इंजिनांनी पेट घ्यायला सुरुवातही केली, पण विमान जमिनीच्या फार जवळ होते. मंदावलेला जड गाभा पुन्हा वेग घ्यायला वेळ मागतो. जावाच्या विमानाकडे उंची होती, म्हणजे वेळ होता; इथे तो नव्हता. स्विच कसे हलले हा तपासाचा विषय आहे आणि त्यावर व्हॉट्सॲपवर निकाल देणे म्हणजे गेलेल्यांच्या घरच्यांवर जुलूम आहे.

एकच इंजिन बंद पडले तर दोन इंजिनांचे विमान दुसऱ्यावर उडू शकते आणि उतरू शकते. प्रवासी विमानाला परवानगी मिळण्याआधी हे सिद्ध करावे लागते. आणि पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या अम्मी-अब्बांना एवढे जरूर सांगा : चाके टेकल्यावर जो मोठा आवाज होतो तो बिघाड नसतो. पंख्याची थंड हवा पुढच्या दिशेला वळवून विमानाला ब्रेक लावतात, त्याचा तो आवाज आहे.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट पक्ष्यांची. नव्या इंजिनाची चाचणी घेताना त्यात पक्षी सोडून पाहतात. पण मोठ्या पक्ष्याच्या चाचणीत अपेक्षा एवढीच असते की इंजिनाचे तुकडे आवरणाबाहेर उडू नयेत आणि ते सुरक्षित बंद व्हावे. ते चालतच राहील अशी हमी नसते. म्हणून विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावर कापणे किंवा पक्षी जमतील असा कचरा टाकणे मना आहे. कुर्ला, साकीनाका, अंधेरी हे सगळे या घेऱ्यात येते आणि तिथे आपले नातेवाईक राहतात. बकरीदला कुर्बानी ठरलेल्या जागीच करावी, आतडी-ओझडी पिशवीत बांधून पालिकेच्या गाडीतच द्यावी. उघड्यावरच्या ढिगावर घारी येतात आणि त्याच घारी विमानाच्या वाटेत जातात. त्या विमानात कदाचित आपलेच हाजी असतील.

दुसरी गोष्ट मुलांच्या भविष्याची. इंजिन उघडून तपासणारा आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही करणारा माणूस म्हणजे विमान देखभाल अभियंता. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, पुढे डीजीसीएच्या विषयवार परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मुलींनाही हा रस्ता खुला आहे. महाराष्ट्रात कामाच्या जागा आहेत : नागपूरच्या मिहानमधले विमान देखभाल केंद्र, नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, जिथे सुखोई-३० विमाने बनली, विक्रोळीत इंजिनाचे भाग बनवणारे गोदरेज, चाकणचा जीई कंपनीचा कारखाना. अभियंता नाही झाला तरी आयटीआयचा चांगला फिटर, मशिनिस्ट किंवा वेल्डर या साखळीत कामाचा आहे.

इथे मात्र सावध राहा. आमच्या ओळखीच्या एका लूम कामगाराने कर्ज काढून मुलाला एका खासगी संस्थेत घातले. दोन वर्षांनी कळले की तिला डीजीसीएची मान्यताच नव्हती. पैसे गेले, पोराची दोन वर्षे गेली. फी भरण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहा. पाहता येत नसेल तर जवळच्या शिक्षकाला दाखवा. माहितीपत्रकावरच्या विमानाच्या फोटोवर जाऊ नका.

तो मुलगा आज कारखान्यात एअरजेट लूमचा कॉम्प्रेसर सांभाळतो. गेल्या महिन्यात आम्ही भेटलो तेव्हा म्हणाला, "सर, फिल्टरमध्ये रुई अडकली की दाब पडतो आणि लूम थांबतो. विमानाचेही हेच ना?" आम्ही म्हटले, हेच. यंदा तो मान्यता असलेल्या संस्थेत पुन्हा अर्ज करतो आहे. यादी आम्ही दोघांनी मिळून तपासली आहे.